श्रमाचें मोल आणि शेजारधर्म

हल्लीं कित्येक भगिनी नाताळ, लग्न व वाढदिवस यांसाठीं घरीं नक्षीदार केक करून विकतात. शेजारीण दर विचारते, तेव्हां संकोचानें केवळ सामानाचाच खर्च सांगितला जातो. हें योग्य आहे काय?

समजा, मैदा, साखर, अंडीं व लोणी यांस ४०० रुपये लागले, वीज व खोका यांस ५०, आणि केक भाजून त्यावर फुलें काढण्यांत ५ तास गेले. तासाचे ८० धरले तरी बेरीज ८५० होते. ४५० घेणारी आपले श्रम फुकट देते, पण शेजारणीस तें कळतही नाहीं. आणि जिचें पोट याच कामावर आहे, अशा दुसऱ्या बाईचा दर मात्र पडतो. शिवाय २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यानें अशा विक्रीस नोंदणी लागते. तो खर्चही दरांत धरणें रास्तच.

कोणी म्हणेल, शेजारधर्मांत हिशेब कसला? आमचें उत्तर असें कीं, दर खरा सांगावा, आणि गरिबास सूट द्यावयाची ती उघडपणें भेट म्हणून द्यावी. मात्र अडलेल्याची निकड पाहून दर चढविणें, किंवा वनस्पति तूप घालून लोण्याचा दर घेणें, हा उघड अन्याय होय. इतकें सांभाळल्यावर आपल्या कष्टांचें मोल मागण्यास कोणीही लाजूं नये.