‘अजून शिकतेय’ हे किती दिवस?

“मी अजून शिकतेय हो.” पुरे झालं हे. मागच्या थंडीत हेच, यंदाही हेच. एक मफलर झाला, मग रंग बदलून दुसरा. टोपी घाल म्हटलं की “ते मला जमायचं नाही.” सुईवर टाके न घालताच कळलं?

सुलट येतो. उलट येतो. टाके घालता येतात, बंद करता येतात. बाही काय, गळा काय, याच दोन टाक्यांचा खेळ. दोन टाके एकत्र विणले की एक कमी. हे तुला येत नाही? येतं. पण नवशिकी म्हटलं की चुका माफ, म्हणून त्या नावाआड लपतेस.

म्हणे, एकदा स्वेटर बिघडला, तेव्हापासून हिंमत होत नाही. का बिघडला? “लोकरच वाईट होती.” नाचता येईना अंगण वाकडं! नमुन्याचा चौकोन विणला होतास का? नाही. “अंदाज आहे मला.” बघ तुझा अंदाज. पुस्तकात 10 सेंटिमीटरला 22 टाके, तुझ्या सैल हाताचे 20. घातलेस 220. घेर यायचा 100 सेंटिमीटर, आला 110. यात लोकरीचा काय दोष? आपल्याकडे सुईचा नंबर वाढला की सुई बारीक होते. 8 नंबरची 4 मिलिमीटर, 10 नंबरची सव्वातीन. पुढच्या नंबरची सुई घेऊन चौकोन पुन्हा विणायचा, धुऊन वाळवून मोजायचा. एका संध्याकाळचं काम. तेवढं टाळलंस आणि महिन्याची मेहनत उसवलीस.

आणि वर मलाच विचारतेस, “माझी पातळी कोणती?” मी कशाला सांगू? विणलेलं समोर धर. 40 टाक्यांनी सुरुवात केलीस, शेवटी 40 च आहेत? की काठाला दोन वाढलेत? उलट ओळी सुलट ओळींपेक्षा ढिल्या पडल्यात का? मध्येच एखादा टाका पिळलाय, तो दिसतोय तरी का? अमेरिकेतल्या ‘द निटिंग गिल्ड असोसिएशन’च्या मास्टर अभ्यासक्रमात पहिल्या पायरीवर साधे काठ, वाढवलेले-कमी केलेले टाके अशा गोष्टींचे छोटे नमुने परीक्षकांकडे पाठवावे लागतात. किती मफलर विणलेत, हे तिथे कुणी विचारत नाही. तू मात्र तेच मोजत बसतेस.

टाका सुटला की तुझ्या काळजात धस्स होतं आणि तू सगळं उसवतेस. वाटतं, केवढी मेहनती! मेहनत कसली, ती पळवाट आहे. दुरुस्त करायला शिकायचं नाही म्हणून पुन्हा पहिल्यापासून. चूक वाचता येणं आणि आहे तिथेच सुधारता येणं, पातळी म्हणतात ती हीच.

आज रात्री मुद्दाम एक टाका सोड. दहा ओळी खाली जाऊ दे. मग क्रोशाच्या सुईने एकेक आडवा धागा ओढून घेत तो वर आण. चुकलं तर पुन्हा सोड. हात तुझा चांगला आहे, म्हणूनच एवढं बोलतेय. नसता तर मफलरचं कौतुक करून मोकळी झाले असते. रविवारी टोपीचे टाके घालून ये. सबब आणू नकोस, सुया आण.