जोड म्हणजे वैरी नव्हे

शास्त्रपाठ : उत्पत्ती, अध्याय ३२ व ३३



कुस्तीचा फड आपणांस अपरिचित नाही. गावची जत्रा आली म्हणजे आखाड्याची माती उकरून मऊ केली जाते, हलगी वाजू लागते, आणि ज्यांनी जन्मात लंगोट बांधिला नाही तेही पुढे सरकून बसतात. त्या फडात मल्लापुढे जो उभा राहतो त्यास आपण 'जोड' म्हणतो. तोलामोलाची जोड मिळाली की वस्तादास आनंद होतो. कारण जोडीवाचून कुस्ती नाही, आणि बळवान जोडीवाचून मल्लाचे बळ वाढत नाही. बैलांची जोड असते, तशीच ही मल्लांची जोड. या शब्दावर आज आपण थोडे मनन करू.

ता. ७ जानेवारी २०२० रोजी पुण्यात बालेवाडीच्या क्रीडासंकुलात महाराष्ट्र केसरी या किताबाची अखेरची कुस्ती झाली. हा किताब १९६१ सालापासून चालत आला असून विजयी मल्लास चांदीची गदा मिळते. त्या दिवशी नाशिकचा हर्षवर्धन सदगीर गादी विभागातून व लातूरचा शैलेश शेळके माती विभागातून अखेरपर्यंत आला होता. दोघेही पुण्यात काका पवार या एकाच वस्तादाचे चेले. ज्याच्याशी नित्य सराव करावयाचा, त्याच्याशीच त्या दिवशी गदेसाठी झुंजावयाचे होते. कुस्ती अटीतटीची होऊन हर्षवर्धनाने ती ३ विरुद्ध २ अशा गुणांनी जिंकिली. मग त्याने काय केले? आपल्या पराजित जोडीदारास त्याने खांद्यावर उचलून घेतले व त्याच्यासह तो लोकांपुढे मिरवला.

कुस्तीचा खेळच माणसास असे शिकवितो, असे मात्र कोणी समजू नये. याच किताबाच्या २०२५ सालच्या स्पर्धेत अहिल्यानगर येथे पंचांच्या निर्णयावरून मोठा तंटा झाला व दोन मल्लांवर तीन वर्षांची बंदी आली. खेळ तोच, किताब तोच. भेद अंतःकरणाचा आहे.

आता शास्त्रपाठाकडे वळू. याकोब व एसाव हे मातेच्या उदरापासूनचे प्रतिस्पर्धी. याकोबाने ज्येष्ठत्वाचा हक्क घेतला, कपटाने आशीर्वादही घेतला, आणि मग भयाने परदेशी पळाला. वीस वर्षे लाबानाची चाकरी करून तो परतला, तेव्हा एसाव चारशे माणसांसह सामोरा येत आहे असे त्यास कळले. त्या रात्री याब्बोकाच्या उतारापाशी देवाने त्याच्याशी झोंबी केली. पहाटे याकोब उठला तो लंगडत. आणि मग त्या लंगड्या माणसाने आपल्या भावापुढे सात वेळा भूमीपर्यंत नमन केले. एसावही धावत आला व त्याच्या गळ्यात पडला.

बंधूंनो, येथे प्रथम कोण वाकला ते पाहा. ज्याच्या पदरी लाभ पडला होता, तो वाकला. समेट करण्याचे पहिले ऋण जिंकणाऱ्यावर असते. हरलेला मनुष्य आधीच लज्जित असतो. त्याने पहिले पाऊल टाकावे, अशी वाट पाहत बसणे हा दुसऱ्यांदा त्यास पाडण्याचाच प्रकार होय. आणि कोणास खांद्यावर घ्यावयाचे तर आधी आपणांस वाकावे लागते. ताठ उभे राहून कोणी कोणास उचलू शकत नाही. ज्याचा विजय सर्वांहून थोर, तो आपला प्रभु येशू शिष्यांच्या पायांशी वाकला, हे आपण जाणतो.

आपल्या गावांकडे पाहिले असता आम्हांस दुःख होते. ग्रामपंचायतीची निवडणूक होऊन जाते, पण दोन घरांचे बोलणे वर्षानुवर्षे बंद राहते. बांधाचा दावा कोर्टात निकालात निघतो, मनात मात्र तो चालूच असतो. मंडळीचे पंच निवडताना मते विभागली, तर पुढल्या रविवारी लोक निरनिराळ्या बाजूंना बसतात, आणि कित्येक प्रभुभोजनासही येत नाहीत. मल्ल फडातून निघताना अंगाची माती झाडून टाकतो. आपण ती घरी नेऊन लेकरांच्याही अंगास लावितो. ज्यांचा तंट्याशी संबंध नाही अशी मुले विहिरीवर एकमेकांस ओळख देत नाहीत, हे योग्य आहे काय?

तेव्हा, उपदेशक बंधूंनो व मंडळीतील वडील जनहो, येत्या प्रभुभोजनापूर्वी एवढे करा. ज्याच्या बाजूने निकाल लागला असेल, त्यानेच दुसऱ्याच्या दारी जावे. जुना वाद पुन्हा उकरू नये. त्याच्या अंगणात बसावे, पाणी मागून प्यावे, त्याच्या शेताची व लेकरांची विचारपूस करावी. आणि जो हरला असेल त्यानेही एसावाप्रमाणे सामोरे यावे. उचलणाऱ्याचा खांदा नाकारू नये. आज ज्यास आपण विरोधी म्हणतो, त्यास देवाने आपली जोड म्हणून दिले असेल; त्याच्या योगे आपला धीर व आपली प्रीती बळकट व्हावी, असा त्याचा हेतू असेल.

शांतीचा देव आपणां सर्वांस वाकण्याचे सामर्थ्य देवो. आमेन.