दंडाचे भय आणि रोग्याची स्वेच्छा

गीतेच्या तिसऱ्या अध्यायात अर्जुनाने विचारले आहे की, इच्छा नसतानाही, जणू कोणी बळेच जुंपल्याप्रमाणे, मनुष्य पाप का करतो? हा प्रश्न व्यसनाधीनाला जितका लागू पडतो तितका क्वचितच दुसऱ्या कोणाला पडत असेल. हेरॉइनच्या आहारी गेलेला गृहस्थ घरातील भांडी विकतो, तेव्हा त्याचे सगळे मन त्या कृत्याला अनुकूल असते असे नव्हे.

या बळासमोर राज्यसंस्था दुसरे बळ उभे करते. गुंगीकारक औषधिद्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५ याच्या २७ व्या कलमाने अशा पदार्थांचे सेवनही दंडनीय ठरविले आहे. तथापि ३९ व्या कलमान्वये अल्प प्रमाणाच्या अपराधात न्यायालय व्यसनाधीनास, त्याच्या संमतीने, शिक्षेऐवजी उपचारार्थ मुक्त करू शकते. ६४-अ कलम तर स्वेच्छेने उपचार घेणाऱ्याला खटल्यापासून अभय देते. मात्र उपचार अपुरे सोडल्यास ते अभय काढून घेता येते.

येथेच धर्मविचाराची अडचण आहे. एका हाती कारागृह, दुसऱ्या हाती रुग्णालय दाखवून 'आता स्वेच्छेने निवड' असे म्हटले, तर त्या निवडीला स्वेच्छा म्हणावे काय? पुष्कळ सज्जन नाही म्हणतील. आम्हांस तसे वाटत नाही. मातेच्या अश्रूंनी किंवा नोकरी जाण्याच्या धाकाने जो उपचारास येतो, तोही निर्भयपणे आलेला नसतोच. अर्जुनापुढेही दोन्ही सैन्ये उभी ठाकलेली होती; तरी अठराव्या अध्यायात सर्व ज्ञान सांगून झाल्यावर भगवंतांनी निर्णय त्याच्या इच्छेवर सोपविला. दडपणाखाली इच्छा मरतेच असे नाही.

परंतु दंडाची सत्ता उंबरठ्यापर्यंतच. पुढेही तीच चालविली, तर जो उत्पन्न होतो त्याला गीतेने मिथ्याचारी म्हटले आहे: इंद्रिये आवरलेली, मन मात्र विषयांचे चिंतन करीत बसलेले. कुलूप लावून, मारहाण करून 'सुधारणा' घडविणाऱ्या काही खाजगी केंद्रांतून असेच मिथ्याचारी बाहेर पडतात. (२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाने मद्य व अंमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मनोवस्थांनाही मानसिक आजारात गणले असून रुग्णास साखळदंड घालण्यास मनाई केली आहे. घरच्या माणसांनीही हे जाणावे.)

रोगी घरी राहून नियमाने औषध व सल्ला घेण्यास येतो अशा केंद्रात तर कुलूपही नसते. तेथील सेवकापुढचे धर्मसंकट अधिक सूक्ष्म असते. न्यायालयाला प्रगतीचे निवेदन हवे. रोग्याला मन मोकळे करण्यास माणूस हवा. रोग्याने एके सायंकाळी सांगितले, 'काल पुन्हा घेतली', तर सेवकाने काय करावे? लपविले तर न्यायालयाशी असत्य. कळविले तर रोगी पुन्हा कधी सत्य बोलणार नाही. आमच्या मते याचा निर्णय त्या सायंकाळी करावयाचा नसून पहिल्याच दिवशी करावयाचा असतो. काय कळविले जाईल आणि काय कळविले जाणार नाही, हे न्यायालय व रोगी या दोघांनाही आरंभीच स्पष्ट सांगावे, आणि ते वचन पाळावे. उपस्थिती व उपचारातील सातत्य कळवावे. अंतःकरणातील गोष्टी कळवू नयेत. एकदा घसरणे म्हणजे उपचार सोडणे नव्हे, हे वैद्यांना ठाऊक असते. न्यायाधीशांना ते समजावून देणे हेही सेवकाचेच कर्तव्य.

ही केवळ तत्त्वचर्चा नव्हे. काही आठवडे हेरॉइनपासून दूर राहिलेल्या शरीराची ती सोसण्याची शक्ती ओसरते, आणि पूर्वीचीच मात्रा मग प्राणघातक ठरू शकते. न्यायालयाच्या भयाने जो आपली घसरण कोणालाच सांगत नाही, तो दार आतून लावून एकटाच घेतो, आणि श्वास मंदावू लागला तर हाक ऐकण्यास जवळ कोणी नसते.