संकटकाळीं गांव सोडावें काय?

ज्या गांवानें सुखाच्या दिवसांत आपणांस पोसलें, त्यावर अरिष्ट कोसळलें असतां तें सोडून जाण्याचा अधिकार आपणांस आहे काय? प्रिय वाचकहो, या प्रश्नाचा विचार करण्यासाठीं आम्ही एक दूरदेशींचें उदाहरण घेतों.

अमेरिकेंत न्यू ऑर्लिन्स शहरीं 'सेंट्स' नांवाचा धंदेवाईक फुटबॉल संघ आहे. त्याच्या खेळाडूंस पगार मिळतो, व लोक तिकिटें काढून खेळ पाहतात. ता. २९ ऑगस्ट २००५ रोजीं 'कॅटरिना' हें चक्रीवादळ आलें. पूरबांध फुटून शहराचा सुमारें ८० टक्के भाग पाण्याखालीं गेला. संघाच्या 'सुपरडोम' क्रीडागृहांत हजारों निराश्रितांनीं आसरा घेतला. त्याचें छप्परही वाऱ्यानें फाटलें. तेव्हां संघ टेक्सास प्रांतांतील सॅन अँटोनियो येथें गेला, आणि त्यानें तेथेंच कायम रहावें अशी तेथील पुढाऱ्यांची इच्छा होती. मालक टॉम बेन्सन यांचा तेथें व्यापारही होता.

मालकाची बाजू अगदींच पोकळ नव्हती. ज्याचें घर वाहून गेलें, तो तिकीट कशानें काढील? शिवाय कोणी असेंही विचारील कीं, लोक निराश्रित असतां क्रीडागृहावर पैसा कां ओतावा? हे दोन्ही प्रश्न खरे आहेत.

तथापि आम्हांस वाटतें कीं, प्रीतीचेंही ऋण असतें. तें कोणत्याही करारपत्रांत लिहिलेलें नसतें. हा संघ १९६७ पासून खेळत आहे. पहिलीं वीस वर्षें त्यास एकाही हंगामांत जयांहून पराजय कमी मिळाले नाहींत. तरी लोकांनीं त्यास टाकिलें नाहीं. ज्यांनीं आपल्या अपयशांत आपणांस धरून ठेविलें, त्यांस त्यांच्या आपत्तींत सोडणें हा कोणता न्याय?

संघटनेचे प्रमुख पॉल टॅग्लियाब्यू यांनींही संघ परत जावा असा आग्रह धरिला. ता. २५ सप्टेंबर २००६ रोजीं दुरुस्त क्रीडागृहांत पहिला सामना झाला. संघानें अटलांटाच्या संघास २३-३ असें जिंकिलें. पूर्ण हंगामाचीं तिकिटें आधींच विकलीं गेलीं होतीं. घरें मोडलेल्या लोकांनीं तीं घेतलीं, हें मालकाच्या शंकेस उत्तरच होय.

परंतु त्या जयघोषांत एक गोष्ट विसरूं नये. शहरांत २००० सालीं सुमारें ४,८४,००० लोक होते. २०१० सालीं सुमारें ३,४४,००० राहिले. जे गेले, त्यांतील पुष्कळ गरीब होते, व परतण्यास त्यांना छप्पर नव्हतें. त्यांस आम्ही दोष देत नाहीं. मुलांच्या मुखीं घांस घालावा म्हणून जाणारा निराळा, आणि अधिक नफ्यासाठीं जाणारा निराळा. राहण्याचें कर्तव्य ज्याच्या त्याच्या सामर्थ्याप्रमाणें असतें. ज्यास राहणें शक्य आहे, त्यावरच तें अधिक आहे.

आपल्या गांवीं पूर किंवा दुष्काळ आला, तर सावकार, दुकानदार, शिक्षक व उपदेशक यांनीं प्रथम हाच प्रश्न आपल्या अंतःकरणास विचारावा: आम्ही निघालों आहों, तें निरुपायानें कीं केवळ सोयीनें?