अधिकार हा वारसा आहे काय?

बापाचे शेत मुलास मिळावे हे सर्वांस न्याय्य वाटते. बापाने ते कसले, राखिले, आणि त्याच्या मागे ते लेकरांकडे गेले, ह्यात कोणाची तक्रार नसते. परंतु बापाचा अधिकारही त्याच रीतीने मुलास मिळावा काय? हा प्रश्न पहिल्यासारखा दिसतो, पण तो निराळा आहे, आणि त्याचा निर्णय वेळेवर न झाल्याने मोठमोठी राज्ये बुडाली आहेत.

औगुस्त कैसर व तिबिर्य कैसर ही नावे शुभवर्तमान वाचणाऱ्यांस परिचित आहेत. औगुस्ताने रोमी साम्राज्याची घडी बसविली, पण आपल्या मागून कोण, ह्याचा नियम त्याने घातला नाही. रोमी लोकांस राजा हे नावच नकोसे होते. म्हणून जे पद नावाने राजपद नव्हते, त्याचा वारस कायद्याने ठरविता येईना. त्याने आपले दोन नातू दत्तक घेतले, ते तरुणपणीच वारले, आणि इ. स. १४ साली सत्ता त्याचा सावत्र मुलगा तिबिर्य ह्याजकडे गेली. जेथे नियम नसतो तेथे तरवार नियम करिते. इ. स. ४१ साली गायस कैसराचा खून झाला, तेव्हा पहाऱ्याच्या शिपायांनी क्लौद्यास गादीवर बसविले. नीरो मेल्यावर इ. स. ६९ ह्या एका वर्षात चार बादशहा झाले. इ. स. १९३ साली तर त्याच शिपायांनी बादशहास ठार करून साम्राज्य लिलावास काढिले, आणि दिदियुस युलियानुस नामक धनवानाने सर्वांत मोठी बोली देऊन ते घेतले. सुमारे दोन महिन्यांत त्याचाही वध झाला.

मध्यंतरी एक बरा काळ गेला. नेर्वाने त्रायानास दत्तक घेतले. पुढे हाद्रियान, अंतोनिनुस व मार्कुस औरेलियुस हे ह्याच वाटेने आले, आणि सुमारे ऐंशी वर्षे राज्य सुखाने चालले. परंतु ह्यांतील पहिल्या चौघांच्या मागे औरस पुत्र उरला नव्हता, हे विसरू नये. मार्कुस हा विचारी व सदाचारी तत्त्वज्ञ. त्याला मात्र कोम्मोदुस नावाचा पुत्र होता, आणि त्याने त्यालाच इ. स. १७७ साली आपल्या बरोबरीस बसविले. हा मुलगा क्रूर व विलासी निघाला, आणि इ. स. १९२ साली त्याच्याच घरच्या माणसांनी त्याला मारविले.

मार्कुसाच्या बाजूने बोलावयास जागा आहे. पुत्रास वगळून परक्यास गादी दिली असती, तर पुत्राभोवती असंतुष्ट सरदार जमले असते, आणि एक तर यादवी माजली असती किंवा मुलाचा जीव गेला असता. हे भय खोटे नव्हते. तथापि रक्ताचे नाते शांतता राखिते असेही नाही, आणि त्याचा दाखला आपल्या दाराशी आहे.

देऊळघाटाच्या उत्तरेस घाट उतरला की रोहिणखेड लागते. अहमदनगरचा मुर्तजा निजामशाह १५८८ साली आपल्या पुत्राच्याच हातून मेला, आणि तो पुत्रही पुढच्या वर्षी मारिला गेला. मग जमालखान नामक सरदाराने इस्माईल ह्या अल्पवयी मुलास गादीवर बसविले. ह्या मुलाचा बाप बुऱ्हाण जिवंत होता व अकबराच्या आश्रयास होता. तो खानदेशच्या राजाची मदत घेऊन आला, १५९१ च्या सुमारास रोहिणखेडास लढाई झाली, जमालखान पडला, आणि बापाने पोटच्या पोरास उतरवून गादी घेतली. बुऱ्हाण १५९५ साली वारला तेव्हा वारसाचे भांडण पुन्हा पेटले. एका पक्षाने मोगलांस बोलाविले. चांदबिबीने अहमदनगर शौर्याने राखिले खरे, पण १५९६ च्या तहात वऱ्हाड मोगलांस द्यावे लागले. गादीचा तंटा नगरास, आणि धनी बदलला वऱ्हाडच्या कुणब्याचा! त्यास कोणी विचारिले होते काय?

येथेच आपल्या प्रश्नाचे उत्तर आहे. शेत हे मालमत्ता आहे. अधिकार ही ठेव आहे. ठेव सांभाळणारा तिचा धनी नव्हे, म्हणून ती कोणास द्यावी हे त्याने एकट्याने ठरवू नये. ज्यांची ती ठेव, त्यांस निवडीत वाटा असावा. निवडीची रीत गादी रिकामी होण्यापूर्वीच ठरलेली असावी. आणि अधिकाऱ्याच्या हाताला अशी मर्यादा असावी की अयोग्य माणूस आला तरी सर्वनाश होऊ नये. मार्कुसाचा खरा दोष पुत्रप्रेमाचा नव्हे. एकोणीस वर्षे सत्ता हाती असता त्याने अशी रीत व अशी मर्यादा घातली नाही, हा आहे.

वंशपरंपरेची पाटीलकी महाराष्ट्रात १९६२ च्या कायद्याने संपली. परंतु कायद्याने वतन गेले तरी मनातले वतन लवकर जात नाही. ग्रामपंचायत असो, सहकारी सोसायटी असो, शाळेची समिती असो की मंडळीचे वडीलपण असो, "आमच्या घरचेच हे पद" असा शब्द आपण वारंवार ऐकतो. योग्य मुलगा बापाच्या जागी निवडून आला तर त्यात दोष नाही. पण निवडीची सभा भरण्यापूर्वीच जागा त्याची मानिली, हिशेबाची वही घरच्या पेटीत ठेविली, आणि दुसऱ्या कोणास काम शिकविलेच नाही, तर रोमची चूक आपल्या गावात होत आहे असे समजावे. ज्याच्या हाती आज एखादे काम आहे त्याने ह्याच वर्षी दोघा-तिघांस ते शिकवावे, वही सर्वांसमोर वाचावी, आणि आपल्या मागून कोण हे ठरविण्याचे काम सभेकडे सोपवावे.