पट्टीला विचार

जंजिऱ्याच्या सिद्दी घराण्यातल्या एका वारसाला पेशव्यांशी झालेल्या करारामुळे १७९१ साली सुरतेजवळ मुलूख मिळाला आणि सचिन या गावाला नवाबी आली. ती गेली, गाव राहिलं. आज तिथे सचिन म्हटलं की लोकांना जीआयडीसीची औद्योगिक वसाहत आठवते: कापडाचे माग, डाईंगची धुराडी आणि मागांचे सुटे भाग करणाऱ्या लहान लहान शेड.

अशाच एका शेडमध्ये नंदुरबारकडचे एक मामा ड्रिल मशीन चालवायचे. आयटीआय झालेला भाचा ताप्ती लाइनच्या गाडीने त्यांच्याकडे जवळच्या उधन्याला आला आणि सोबत कामाला जाऊ लागला. पोरगा अंगाने दणकट. कुठलंही काम अडलं की जोर लावायचा, एवढंच त्याला ठाऊक.

मामांनी त्याला मागाच्या ब्रॅकेटचं काम दिलं. २० मिलिमीटर जाडीचा लोखंडी जॉब, त्यात १२ मिलिमीटरचं आरपार भोक. त्या भोकातून शाफ्ट जाणार, म्हणजे ते काटकोनातच पडायला हवं. जॉब मशीन वाइसमध्ये धरायचा तर त्याच्याखाली दोन पॅरलल लागतात. कडक पोलादाच्या, ग्राइंड करून अगदी एका उंचीच्या केलेल्या या पट्ट्या. एक वाइसच्या पक्क्या जबड्याला लावायची, एक हलत्या जबड्याला. भोक आरपार झालं की ड्रिलचं टोक मधल्या मोकळ्या जागेत उतरतं.

पोराने पट्ट्या मांडल्या, जॉब ठेवला, हँडलला पाइप अडकवला आणि कचकचून आवळलं. मशीन सुरू केलं. भोक संपत आलं आणि 'कट्' आवाज झाला. ड्रिलचं टोक उडालं होतं. वाइस उघडला तर हलत्या जबड्याकडची पट्टी हादऱ्याने आडवी होऊन नेमकी भोकाखाली आली होती. जॉबही कलला होता. शाफ्ट त्यात जाईना.

पुढच्या जॉबला त्याने आणखी जोर लावला. पट्टी पुन्हा पडली. मग पट्ट्या धरून ठेवायला चुंबक आणले, तर लोखंडाचा सगळा बुरा त्यांना चिकटला. शेवटी ग्रीस लावलं. पट्ट्या उभ्या राहिल्या, पण भोक तिरकंच. तेव्हा तो मामांकडे गेला.

"मामा, याहून घट्ट कसं आवळायचं?"

"अरे भाऊ, ग्रीस पट्टीला उभी ठेवील, जॉबला खाली बसवणार नाही. आवळणं वेगळं आणि टेकणं वेगळं. जॉब बसला का, हे हँडलला विचारू नको, पट्टीला विचार."

मामांनी वाइस मोकळा केला. फडक्याने तळ पुसला, पट्ट्या पुसल्या, जॉबच्या कडेला राहिलेली धार, म्हणजे बर, कानशीने काढली. दोन पट्ट्यांच्या मध्ये, ड्रिलची वाट सोडून, एक बारकी स्प्रिंग दाबून बसवली. स्प्रिंगने दोन्ही पट्ट्या आपापल्या जबड्याला रेटून धरल्या. मग जॉब ठेवून हाताने बेताचं आवळलं आणि बोटाने पट्ट्या हलवून दाखवल्या. पक्क्या जबड्याकडची जागची हलेना. हलत्या जबड्याकडची सहज सरकली.

"हलता जबडा सरकायचा म्हणजे त्याला थोडी ढील असणारच. आवळलं की तो किंचित वर उचलतो आणि जॉबची ती बाजू घेऊन जातो. तू जितका जोर लावलास, तितका तूच जॉब उचललास."

त्यांनी रबरी हातोडीने जॉबवर ठोका दिला, आणखी एक दिला. पुन्हा बोट लावलं. आता दोन्ही पट्ट्या घट्ट. "ठोकल्यावर परत आवळायचं नाही. आवळलंस तर पुन्हा उचलेल."

ज्याच्यावर भार टाकायचा, तो खाली नीट टेकलाय का हे आधी पाहावं, जोर नंतर लावावा. कारखान्यात हे जितकं खरं, तितकंच घरातही. कर्त्या माणसाने हाताखालच्यांना नुसतं आवळून चालत नाही.

काही दिवसांनी ४० ब्रॅकेटची घाईची ऑर्डर आली. टेम्पो दारात उभा, शेठ डोक्यावर उभे. एका जॉबला ठोकूनही पट्टी बोटाने हलली. पोराने मशीनला हात लावला नाही. सगळं सोडलं, पट्टी उचलली, तर खाली केसासारखी लोखंडाची एक चीप.

"एवढ्याशासाठी सगळं खोललंस?" शेठ म्हणाले.

"शेठ, ही खाली राहिली असती तर टेम्पोत चाळीसच्या जागी एकोणचाळीस गेले असते."

टेम्पो थोडा उशिरा सुटला. चाळीसही ब्रॅकेटमध्ये शाफ्ट अलगद गेला.

पुढे कास्टिंगचे तुकडे आले, एक बाजू घडीव, दुसरी खडबडीत. मामांनी हलत्या जबड्यापाशी गोल सळईचा तुकडा आडवा धरायला सांगितला. सळई एका रेषेत दाबते, त्यामुळे जॉबची घडीव बाजू पक्क्या जबड्याला सपाट बसते आणि जबडा उचलला तरी जॉब त्याच्याबरोबर वर ओढला जात नाही.

"आणि दोन्ही बाजू खडबडीत असल्या तर, मामा?"

"तर आधी एक बाजू सरळ करून घे. तोवर ड्रिल लावू नको."