एका घराला किती जमीन लागते?



मलकापूरहून बुलढाण्याकडे येताना मोताळ्याच्या अलीकडे रस्त्याच्या दोन्ही अंगांना काळी जमीन लागते. कपाशी, सोयाबीन, तूर यांची ही जमीन. याच शेतांतून आता मधूनमधून चुन्याच्या रेषा, सिमेंटचे खुंट आणि ‘प्लॉट विकणे आहे’ अशा पाट्या दिसतात. मोताळा तालुक्याचे ठिकाण आहे. ग्रामपंचायतीच्या जागी नगरपंचायत आली आहे. आजूबाजूच्या खेड्यांतील कुटुंबे मुलांच्या शिक्षणासाठी येथे येऊन राहतात. त्यांना घर हवे, आणि घर मागणे हा काही गुन्हा नाही. पण एका घराला किती जमीन लागते, हा प्रश्न आपण स्वतःला कधी विचारतो का?

आमच्या घरी हा प्रश्न निघाला होता. गावठाणातले वडिलार्जित धाब्याचे घर दोघा भावांच्या संसाराला अपुरे पडू लागले. जुने पाडून त्याच जागी खाली एक आणि वर एक अशी दोन घरे बांधावीत, असे वडीलधाऱ्यांनी सुचवले. आम्हाला ते पटले नाही. वर कोणी राहायचे, जिना कोणाचा, टाकीतले पाणी कोणी किती वापरायचे, यावरच बोलणे अडले. शेवटी गावाबाहेर दोन प्लॉट घेतले. जुन्या घराला कुलूप लागले आणि चार पावसाळ्यांत धाबे खचले. ज्या आईला ओट्यावर बसल्या बसल्या दिवसभर माणसे भेटत, तिला नव्या घरी तारेचे कुंपण आणि रिकामे प्लॉट तेवढे दिसू लागले. रविवारी मिस्सेला यायचे तरी कोणाच्या तरी मोटारसायकलची वाट पाहावी लागे. आम्हाला जागा मिळाली, पण आईचा शेजार गेला.

थोडा हिशेब करून पाहू. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. रस्ते आणि मोकळी जागा सोडली तर तीस बाय पन्नासचे सतरा-अठरा प्लॉट पडतात. प्रत्येक प्लॉटवर एकच कुटुंब राहिले तर चोपन्न कुटुंबांना तीन एकर शेत लागते. तळमजला आणि वर दोन मजले बांधले, तर तीच कुटुंबे एका एकरात राहतात आणि दोन एकर काळी जमीन पिकत राहते. शिवाय रस्ता, नाली, नळाची पाइपलाइन आणि विजेचे खांब यांचाही खर्च कमी होतो. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून पाया खोल घ्यावा लागतो. तो खर्चही तीन घरांत वाटला जातो. एकदा सिमेंटखाली गेलेली जमीन पुन्हा शेत होत नाही, हे तर आपण जाणतोच.

यावर कोणी म्हणेल, “म्हणजे आम्ही मुंबईसारखे कोंबून राहायचे का?” ही शंका रास्त आहे. २०११ च्या जनगणनेत आपल्या बुलढाणा जिल्ह्यात दर चौरस किलोमीटरला सुमारे २६८ माणसे होती, तर मुंबईत वीस हजारांच्या आसपास. पण पॅरिस शहरातही दाटी जवळजवळ तेवढीच आहे, आणि तेथील बहुतेक इमारती सहा-सात मजल्यांच्याच आहेत. तरी पॅरिसला कोणी कोंडवाडा म्हणत नाही. तेव्हा माणसाला त्रास होतो तो शेजारी जवळ असल्यामुळे नव्हे. एका खोलीत आठ जण राहिले, पाणी आले नाही, शौचालयासाठी रांग लावावी लागली, खिडकीतून उजेड आला नाही, तर त्रास होतो. दाट वस्ती आणि कोंडलेले घर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मुंबईच्या बीडीडी चाळी १९२० च्या दशकात बांधल्या गेल्या. १६० चौरस फुटांच्या खोल्यांत तेथे पिढ्यानपिढ्या संसार झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. वस्ती विरळ न करता, त्याच आवारात उंच इमारती बांधून हे साधले. मोताळ्याला अशा उंच इमारतींची गरज नाही. येथे दोन-तीन मजले पुरेसे आहेत.

वसईचे उदाहरण आपल्या अधिक जवळचे आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस तेथील हिरवा पट्टा बांधकामासाठी खुला होऊ लागला, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसई संरक्षण समितीने वाड्या आणि विहिरींचे पाणी वाचवण्यासाठी लढा दिला. या लढ्याचा आपल्याला अभिमान वाटतो. पण नालासोपारा-विरारला घर शोधत आलेली कुटुंबेही आपले शेजारीच होती. हिरवी जमीन वाचवा म्हणणाऱ्याने त्या माणसांनी राहायचे कोठे, याचेही उत्तर दिले पाहिजे. ते उत्तर आपल्याच गल्लीत, कधी आपल्याच घराच्या वरच्या मजल्यावर असते.

यशया संदेष्ट्याने पाचव्या अध्यायात घराला घर आणि शेताला शेत जोडत जाणाऱ्यांना खडसावले आहे. ते बोल दाट वस्तीविरुद्ध नाहीत. इतरांना जागाच उरू नये इतके आपले वाढवत नेणाऱ्याला ते लागू होतात.

खरा नैतिक प्रश्न असा आहे की जागा वाचवण्याचा भार कोणी उचलायचा? गरीब माणूस आधीच एका खोलीत राहतो. त्याला आणखी आवरून राहा असे सांगणे हा अन्याय होईल. हा भार त्यांनी उचलावा ज्यांच्याकडे एक घर असून दुसरा प्लॉट पडून आहे, ज्यांचे गावठाणातले घर कुलूपबंद आहे, ज्यांना वर मजला चढवता येतो पण भाडेकरूची कटकट नको आहे. म्हणजे त्यांत आम्हीही आलोच.

जिना सामाईक असला की थोडे भांडण होणार. वरच्यांच्या मुलांचा गोंगाट होणार, टाकी लवकर रिकामी होणार. पण रात्री छातीत दुखू लागले तर हाक मारायला माणूसही असणार. शेजाऱ्यावर प्रेम करायचे, तर आधी शेजारी हवा. त्याच्यासाठी थोडे सरकून बसणे हाही त्या प्रेमाचाच भाग आहे.

आमच्या जुन्या घराची जागा अजून तशीच आहे. आम्ही भाऊ आता पुन्हा एकदा बसून बोलणार आहोत. जिना बाहेरून काढावा, टाक्या दोन ठेवाव्यात, असे मनात आहे. आपणही आज दुपारी जेवणानंतर घरच्यांना विचारून पाहा, आपले एखादे दार विनाकारण बंद तर नाही ना?